ह्यांच्या प्रार्थनेतली मी

लग्न होऊन मी हडपसरला आले तेव्हा आमचं बिऱ्हाड दोन खोल्यांचं होतं. पहिल्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर ह्यांनी ताटं बाजूला सरकवली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि डोळे मिटले. मीही मिटले. माझं माहेर नगर जिल्ह्यातलं, तीन पिढ्यांचं ख्रिस्ती घर. प्रार्थना मला नवी नव्हती. माझे वडील आमच्या चर्चच्या मंडळीतले वडीलजन, म्हणजे तिथला कारभार बघणाऱ्यांपैकी. ते प्रार्थना करायला लागले की "हे परमदयाळू, सर्वसमर्थ" इथून निघायचे आणि राज्यकर्ते, अनाथ, विधवा, दूरदेशीचे सेवक ह्या सगळ्यांना भेटून आमच्या घरापर्यंत पोचायचे, तोवर आमटी गार झालेली असायची.

हे मात्र समोर कोणी बसलंय तसं बोलायला लागले.

"प्रभू, ही आज घरी आलीय. हिला इथं परकं वाटतंय. दुपारी भांडी घासताना रडली, पण मला कळू दिलं नाही. मला समजूत घालता येत नाही. तू घाल."

मी डोळे उघडून पाहिलं. त्यांचे मिटलेलेच होते.

तसे हे बोलण्यातले नव्हतेच. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात माल तपासायचं काम करायचे. दिवसभर बारीक नजरेनं बघायचं आणि चांगलं किंवा वाईट एवढंच सांगायचं, ती सवय घरीही आलेली. साडी चांगली दिसतेय, भाजी चांगली झालीय, असं त्यांनी मला कधी सांगितलं असेल तर मला आठवत नाही. पण संध्याकाळी प्रार्थनेला बसलं की सगळं निघायचं. मी शिकवत होते त्या बालवाडीत मुख्याध्यापिका काहीतरी लागट बोलल्या होत्या, ते निघायचं. माझा गुडघा निघायचा. बहिणीशी माझा अबोला चालला होता, तो निघायचा. एकदा वांग्याच्या भाजीबद्दल त्यांनी प्रभूचे आभार मानले. आमेन झाल्यावर मी म्हटलं, "मला सांगितलं असतंत तरी चाललं असतं."

"सांगितलं की," हे म्हणाले. "तू तिथंच होतीस."

तर हे असं होतं. ह्यांना माझ्याबद्दल काय वाटतं ते मी आयुष्यभर ह्यांनी देवाला सांगताना ऐकलं. दुसरी वाट मला ठाऊक नव्हती, आणि ती एक होती तोवर दुसरीची गरजही वाटली नाही.

रविवारी सकाळी उपासना, घरी येऊन जेवण, आणि मग हे बसनं सरकारी इस्पितळात जायचे. ओळखीचं कोणी आजारी असायला हवं असं नव्हतं. एखाद्या खाटेजवळ बसायचे, नाव-गाव विचारायचे, पाणी हवंय का बघायचे आणि ऐकत राहायचे. निघताना विचारायचे, "तुमच्यासाठी प्रार्थना करू का?" बहुतेक जण हो म्हणत. काही म्हणत, आम्ही आमच्या देवाला मानतो. हे म्हणायचे, "माना की. मी नुसता बसतो." आमच्या मंडळीतल्या काहींना हे पुरेसं वाटत नसे. सुवार्ता सांगायची तर ती स्पष्ट सांगितली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मीही एकदा विचारलं होतं, येशूबद्दल सांगता की नाही. हे म्हणाले, विचारलं तर सगळं सांगतो, काही राखून ठेवत नाही; पण तहानलेल्या माणसाला आधी पाणी द्यावं.

निवृत्तीनंतरच्या तिसऱ्या वर्षी, एका सकाळी, हे दाढी करता करता बाहेर आले. अर्ध्या गालाला साबण तसाच. काहीतरी सांगायचं होतं, पण तोंडातून आवाज निघाला तो कुठल्याच शब्दाचा नव्हता. उजवा हात लोंबत होता. शेजाऱ्यांच्या गाडीतून आम्ही दवाखान्यात पोचलो.

हात पुढे थोडा सुधारला. काठी घेऊन घरातल्या घरात चालायलाही लागले. वाचा मात्र गेली. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं की ह्यांना सगळं कळतं, विचार शाबूत आहेत, पण मनातल्या गोष्टीला शब्द सापडत नाही. एकच शब्द उरला होता, "चला." चहा हवा असला तरी चला, नको असला तरी चला. राग आला की चला मोठ्यानं. मुलगी हिंजवडीला नोकरीला आहे, शनिवारी येते. ती निघाली की चला इतक्या हळू यायचं की तिला लिफ्टपर्यंत डोळे पुसत जावं लागायचं.

वाचा-उपचारासाठी एक मुलगी घरी यायची. मुलगी म्हणजे चांगली शिकलेली थेरपिस्ट, पण वयानं आमच्या लेकीएवढी. तिनं एकदा विचारलं, काकांना कुठली गाणी पाठ आहेत? मी म्हटलं, गाणी म्हणजे आमची उपासनेतली. ती म्हणाली, तीच म्हणा. मी गीताची पहिली ओळ धरली, आणि दुसऱ्या ओळीला हे आले. शब्दांसकट. सूर जरा घसरलेला, पण शब्द अख्खे. मी थांबले तरी हे कडवं संपवूनच थांबले. मग मी प्रभूची प्रार्थना, येशूनं शिष्यांना शिकवलेली ती, सुरू करून दिली. लहानपणापासून रोज म्हटलेली ती प्रार्थना ह्यांनी सुरुवातीपासून आमेनपर्यंत म्हटली.

मला वाटलं, झालं, वाचा आली. मी त्या मुलीचा हात धरून रडले. तिनं मला रडू दिलं आणि मग हळूच सांगितलं, काकू, पाठ असलेलं वेगळ्या जागेवरून येतं. स्वतःचं वाक्य वेगळ्या जागेवरून येतं. हे आलं म्हणून ते येईलच असं मी सांगू शकत नाही.

त्या दिवसापासून आमची संध्याकाळची प्रार्थना पुन्हा सुरू झाली, फक्त आता जेवणाआधी, दिवेलागणीला. मी सुरुवात करून द्यायची, मग दोघांनी मिळून म्हणायचं. आमेन झाल्यावर पूर्वी हे क्षणभर थांबायचे, घसा खाकरायचे आणि स्वतःच्या शब्दांत बोलायला लागायचे. आताही आमेन झाल्यावर थांबायचे. घसा खाकरायचे. ओठ उघडायचे. मी डोळे मिटून वाट बघत बसायचे. खाली सोसायटीत मुलं क्रिकेट खेळत असायची, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी व्हायची. मग हे म्हणायचे, "चला," आणि मी दिवा लावायला उठायचे.

त्या थांबण्यात मी काय ऐकायला बसायचे ते कुणाला सांगायची सोय नव्हती. चर्चचे पाळकसाहेब भेटायला येत, माझं ओझं किती मोठं आहे असं म्हणत. ओझं होतंच. ह्यांना आंघोळ घालायची, घास भरवायचा, रात्री उठवायचं. पण मला हवं होतं ते एवढंच की त्यांनी एकदा प्रभूला माझ्याबद्दल काहीतरी सांगावं आणि मी ते ऐकावं. मी थकलेय हे त्यांना दिसतंय का? मी परवा चिडले ते त्यांनी मनात ठेवलंय का? विचारलं तर चलाच ऐकावं लागणार. लेक म्हणायची, मम्मी, आता तू कर ना प्रे, पप्पांसारखी. मी एक-दोनदा करून पाहिली, तर तोंडातून "हे परमदयाळू" निघालं. हे खुदकन हसले. मीही हसले, आणि ते तिथंच राहिलं. ह्या घरात माझं काम आमेन म्हणायचं होतं, आणि ते मी मनापासून केलं होतं.

आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर अण्णा राहतात. सगळेच त्यांना अण्णा म्हणतात. ही इमारत उभी आहे ती जमीन त्यांच्या घराण्याची. पूर्वी इथं त्यांचा ऊस असायचा. जमीन बिल्डरला दिली तेव्हा बदल्यात फ्लॅट मिळाले. त्याच्या बऱ्याच आधी, हातात पैसा नव्हता त्या काळात, त्यांची आई सरकारी इस्पितळात होती. रविवारी त्या खाटेजवळ हे जाऊन बसले होते. आई त्यातून वाचली नाही, पण अण्णा ते विसरले नाहीत. त्यांचं दार ओलांडून आम्ही कधी आत गेलो नव्हतो, पण जिन्यात भेटले की ह्यांना "सर" म्हणून हात जोडायचे.

एका संध्याकाळी ते आमच्या दारात आले. पायातल्या चपला केव्हाच काढल्या होत्या, पण आत येत नव्हते.

"सर हायेत का?" म्हणाले. "आमच्या मंडळीचं उद्या आपरेशन हाय."

आमच्यात मंडळी म्हणजे चर्चची माणसं. मला क्षणभर कळेनाच की कुणाकुणाचं ऑपरेशन. मग लक्षात आलं, ते बायकोबद्दल बोलतायत. हृदयाची झडप बदलायची होती. त्यांना आत बसवलं. अण्णा ह्यांच्यासमोर बसले आणि म्हणाले की आईच्या वेळी सरांनी प्रार्थना केली होती, तशी आज करावी. देवळात जाऊन आलो, घरात नारळ ठेवला, पण जीव ठिकाणावर येत नाही.

मी म्हटलं, "अण्णा, ह्यांना बोलता येत नाही. तुम्हाला माहीत आहे."

"मग तुमी करा."

"मला नाही येत ह्यांच्यासारखी."

"तुमचा देव तुमचं बी ऐकत आसंलच की," अण्णा म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी डोळे मिटून घेतले होते. म्हणजे आता पळवाट नव्हती.

मी डोळे मिटले आणि मला जे दिसत होतं ते सांगायला लागले. "प्रभू, अण्णा घाबरलेत. सकाळपासून जेवलेले दिसत नाहीत. त्यांच्या बायकोला उद्या भूल देतील तेव्हा ती एकटी असेल, अण्णांना आत जाता येणार नाही. तू जा. डॉक्टरांचे हात नीट चालू दे. आणि अण्णांना आज झोप दे. येशूच्या नावानं मागते." एवढंच. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

मी आमेन म्हणायच्या आत ह्यांचा आवाज आला. प्रभूची प्रार्थना. मी सुरू करून दिली नव्हती. आजारपणानंतर तोवर एकदाही ती त्यांनी आपली आपण धरली नव्हती. अण्णांना ती येत नव्हती, पण ते प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द मागून म्हणत होते. आमेन झालं. हे थांबले, घसा खाकरला.

"चला," हे म्हणाले.

"व्हय, निघतो," म्हणून अण्णा उठले, ह्यांच्या पायांना हात लावून गेले. आणि मला हसू आलं आणि रडूही.

ऑपरेशन नीट झालं. अण्णांची बायको घरी आली, पण शक्ती यायला वेळ लागत होता, आणि ती गप्प गप्प राहायला लागली. अण्णा अधूनमधून संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसू लागले. प्रार्थना झाली की हात जोडायचे, चहा प्यायचे आणि जायचे. गावठाणातल्या लोकांत बोलणं सुरू झालं, ते अण्णांनीच सांगितलं. मुलानं विचारलं होतं की तुम्ही बाटताय का. अण्णांनी त्याला सांगितलं, बसायला जातो, बसायला जाऊ नये असा कायदा झालाय का. मला भीती वाटली. आजकाल अशा गोष्टीवरून काय काय होतं ते आपण ऐकतोच. मी म्हटलं, तुमच्या घरात तेढ नको, नाही आलात तरी आम्ही तुमच्यासाठी मागत राहू. ते म्हणाले, ते माझं मी बघतो.

आणि मग एके दिवशी त्यांनी विचारलं, "ताई, तुमच्या येशूच्या मागं जायाचं म्हंजी माणसानं करायचं काय?"

ह्यांनी आयुष्यभर ज्या प्रश्नाची वाट पाहिली असेल तो प्रश्न माझ्या वाट्याला आला होता. मी मला माहीत होतं ते सांगितलं. येशू कोण, तो कुणाकुणाच्या घरी जेवला, लोक ज्यांना शिवत नव्हते त्यांना कसा शिवला, मारणाऱ्यांसाठी त्यानं मरता मरता काय मागितलं. तिसऱ्या दिवशी तो उठला असं आम्ही मानतो, हेही सांगितलं. तो हाक मारतो, आपण जायचं, चुकलो तर वळून परत यायचं. बाप्तिस्म्याचंही सांगितलं, लपवलं नाही. पण म्हटलं, ते कुणी कुणाला करायला लावायचं नसतं, मनात आलं तर माणूस आपणहून मागतो.

अण्णा लक्ष देऊन ऐकत होते. मग त्यांनी ह्यांच्याकडे वळून विचारलं, "सर, तुमी सांगा."

"चला," हे म्हणाले.

आता हे सगळ्यालाच चला म्हणतात, त्यात नवल काही नाही. पण हे काठी टेकून उठले. दाराशी गेले आणि डाव्या हातानं कडीशी खटपट करायला लागले. आजारपणानंतर दवाखान्याखेरीज हे घराबाहेर पडले नव्हते. मी म्हटलं, अहो, कुठे निघालात? ह्यांनी अण्णांकडे बोट दाखवलं, मग खाली. अण्णांना माझ्या आधी कळलं.

आम्ही तिघं लिफ्टनं तिसऱ्या मजल्यावर गेलो. अण्णांची बायको आतल्या खोलीत कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. हे तिच्याजवळच्या खुर्चीवर बसले. काहीच केलं नाही, नुसते बसले, इस्पितळात बसायचे तसे. बऱ्याच वेळानं ती वळली, ह्यांच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुमाला बी बोलाया येत न्हाय व्हय?" हे मान हलवून हसले. मग तीच बोलायला लागली. छातीवरच्या टाक्यांबद्दल, झोपेत दचकून उठण्याबद्दल, आपण वाचलो ते कशासाठी असं वाटतं त्याबद्दल. ऑपरेशननंतर एवढं बोलताना तिला अण्णांनी पाहिलं नव्हतं. ते उंबऱ्यात उभे राहून ऐकत होते. तिचं बोलून झाल्यावर ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, प्रार्थना करू का? ती म्हणाली, करा.

ते एकदा सुरू झालं ते आजवर चालू आहे. अण्णांची बायको आता हिंडती-फिरती आहे. रविवारी उपासनेहून आलो की अण्णा गाडी काढतात. हे पुढे बसतात, मी मागे. आम्ही त्याच सरकारी इस्पितळात जातो. हे खाटेजवळ बसतात, मी बोलते, आणि अण्णा कुणाच्या नातेवाइकाला चहा आणून दे, कुणाला औषधाचं दुकान दाखव, असं करत असतात. कुणी विचारलं तर सांगतात, "हे आमचे सर. ह्यांच्या मागं आलोय." ते येशूच्या मागं आलेत की नाही, मला ठाऊक नाही. घरी त्यांचं देवघर आहे, रोज दिवा लागतो. मी त्यांना त्याबद्दल विचारत नाही. पण माझ्या मनात आहे ते मी नाकारणार नाही. ज्याला ते माझ्यामार्फत सांगतात त्याच्याशी त्यांची थेट ओळख व्हावी, असं मला फार वाटतं. ते मी रोज मागते.

मागच्या महिन्यात इस्पितळातून परत येताना आम्ही हडपसरच्या उड्डाणपुलाच्या अलीकडे अडकलो होतो. पुढे बस, बाजूला रिक्षा, काही हलत नव्हतं. हे सीटवर मान टाकून झोपले होते. अण्णा समोर बघत म्हणाले की आज सगळ्यांसाठी प्रार्थना केली, तुमच्यासाठी कोण करतं? मी म्हटलं, लेक करते. पाळकसाहेब करतात.

मग स्टिअरिंगवर हात तसेच ठेवून, डोळे उघडे ठेवून, अण्णांनी सुरुवात केली.

"येशूबाबा, मला काय तुझ्याशी बोलायचा सराव न्हाय. ह्या ताई मागं बसल्यात. लोकांचं समदं तुला सांगत्यात. सवताचं सांगत न्हाईत. सरांनी काहीतरी बोलावं म्हणून त्यांचा जीव टांगणीला लागल्याला आसतो. रोज दिसतंय मला. बघ काय जमतंय का." आमेन म्हणायचं त्यांना सुचलं नाही. बस हलली, मागच्यांनी हॉर्न वाजवले, आणि त्यांनी गाडी पुढे घेतली.

मी खिडकीबाहेर बघत राहिले. इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्याबद्दल देवाला सांगत होतं आणि मी तिथंच होते. मला त्याचं अप्रूप वाटलं, खरंच वाटलं. आणि त्याच क्षणी तो आवाज दुसऱ्याचा आहे हेही आत कुठेतरी लागलं.

त्या संध्याकाळी प्रार्थना झाल्यावर हे थांबले, तेव्हा मी डोळे मिटून बसले नाही. मी सरळ विचारलं. इतके दिवस विचारलं नव्हतं, कारण चला ऐकायची भीती वाटायची.

"तुम्ही मनात बोलता ना त्याच्याशी?"

ह्यांनी मान हलवली. हो.

"माझ्याबद्दल?"

हे माझ्याकडे बघत राहिले. ओठ हलले, थांबले. मग डावा हात उचलून तो बाजूला नेला, आणखी बाजूला, हात पुरेना म्हणून खुर्चीतून वाकले, जणू भिंतीपर्यंत काहीतरी पसरलेलं दाखवायचं होतं. तोल जाईल म्हणून मी त्यांना धरलं.

"एवढं?" मी विचारलं.

त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी पुन्हा मान हलवली.

एवढं काय, ते मला कळलं नाही. मी त्यांना नीट बसवलं, पाठीशी उशी दिली आणि स्वयंपाकघरात भाकरी टाकायला गेले. पीठ मळताना वाटत होतं, त्या एवढ्यातलं एखादं वाक्य, अगदी वांग्याच्या भाजीचं का असेना, माझ्या कानावर यावं. अजूनही वाटतं.